एक्सपॅनवर परकी लेन्स लावली आणि फोटो सॉफ्ट आला? आधी लेन्सला शिव्या देऊ नका

गेल्या तीन-चार वर्षांत हा एकच आजार मी इतक्यांदा बघितलाय की आता निगेटिव्ह हातात यायच्या आधीच अंदाज येतो. कॅमेरा म्हणजे साध्या ३५ एमएम फिल्मवर लांबट पॅनोरमा काढणारा हॅसलब्लाड एक्सपॅन नाहीतर त्याचा जुळा भाऊ फुजी टीएक्स-१, किंवा कोणीतरी थ्रीडी प्रिंट करून घेतलेली २४ बाय ६५ मिलीमीटरच्या फ्रेमची पेटी, त्यावर मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्याची, म्हणजे मामिया ६४५ ची नाहीतर पेंटॅक्स ६७ ची लेन्स, आणि मधे ऑनलाइन मागवलेली अॅडॉप्टरची रिंग. आणि समोरचा पडेल चेहऱ्यानं म्हणतो, "दादा, लेन्स गेली वाटतं." लेन्स गेलेली नसते हो. माझ्या हातून जेवढे सेट गेले त्यात लेन्स खरंच दोषी निघाली ती दोनदा, आणि त्यातली एक बुरशीची केस होती, म्हणजे पुण्याच्या पावसाळ्याची कृपा.

एक्सपॅनच्या स्वतःच्या लेन्सा तीनच, ३०, ४५ आणि ९० मिलीमीटरच्या, आणि त्यांचे भाव ऐकले की माणूस गपगुमान दुसऱ्या कंपनीच्या लेन्सकडे वळतो, त्यात चूक काही नाही. फक्त मधली रिंग काय काय गोंधळ घालू शकते ते माहीत पाहिजे.

आधी लक्षणं बघा

स्कॅन बघू नका, स्कॅनरही सॉफ्ट असू शकतो आणि वर लॅबवाला शार्पनिंग मारून देतो. निगेटिव्हच खिडकीला धरा आणि भिंगातून बघा, घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग चालतं.

दूरचं सगळं सॉफ्ट पण जवळची कुंडी कडक शार्प, हे सगळ्यात कॉमन. दुसरं म्हणजे एफ ११ लावून, म्हणजे लेन्सचं भोक (अॅपर्चर) बरंच बंद करून, काढलेला फोटो असा दिसतो की जणू लेन्स पूर्ण उघडी होती, एक्स्पोजर मात्र ठीक. तिसरं, डावी बाजू छान आणि उजवी बाजू वाहून गेलेली. चौथं, कोपरे काळे, आणि इथे नीट बघा की काळेपणा हळूहळू येतो की सुरीनं कापल्यासारखा. मग सगळीच फ्रेम फिकट, काळं कुठे काळं नाहीच, मधे पांढुरका डाग. मग प्रकाशाचे पट्टे. आणि शेवटचं, एकाच रोलवर एकाच सेटिंगला एक फ्रेम मस्त आणि पुढची बेकार.

हे शेवटचं लक्षण आधी बाजूला काढा, कारण त्यानं निम्मं काम होतं. रिंगची जाडी काही फ्रेमागणिक बदलत नाही. चूक प्रत्येक फ्रेमला सारखीच असेल तर रिंग किंवा लेन्स, आणि चूक मनाला येईल तशी बदलत असेल तर फिल्म सपाट बसत नाहीये, नाहीतर काहीतरी ढिलं आहे, नाहीतर (माझ्याच बाबतीत झालं होतं) ट्रायपॉडचं डोकं लेन्सच्या वजनानं हळूच खाली बसत होतं आणि मी आठवडाभर रिंग मोजत बसलो होतो.

फुकटातले चेक

लेन्सवर ए आणि एम लिहिलेली छोटी कळ असते, मामिया ६४५ च्या मॅन्युअल लेन्सवर असते, पेंटॅक्स ६७ च्या जुन्या लेन्सवरही. ए म्हणजे ऑटो, म्हणजे लेन्स नेहमी उघडी राहणार आणि फोटोच्या क्षणी मूळ कॅमेरा आतून दांडी ढकलून ती बंद करणार. आता तुमच्या एक्सपॅनला ती दांडीच नाही, त्यामुळे लेन्सच्या अॅपर्चर रिंगवर एफ ११ लावा नाहीतर एफ १६, आतली पाकळी उघडीच. गंमत अशी की एक्सपॅनचा मीटर लेन्समधून आत आलेला प्रकाशच मोजतो, म्हणून ऑटो एक्स्पोजरला फोटो उजेड-अंधाराच्या दृष्टीनं बरोबर येतो आणि माणसाला संशयच येत नाही, फक्त डेप्थ, म्हणजे पुढचं-मागचं एकदम शार्प दिसणं, गायब. भर उन्हात १०० ची फिल्म असेल तर मात्र शटर १/१००० वर जाऊन अडकतं आणि फ्रेम ओव्हर होते. घरी बनवलेल्या पेटीवर हातातला मीटर वापरता, तिथे सगळाच रोल ओव्हर.

चेक काय, तर अॅपर्चर रिंग २.८ वरून १६ वर फिरवा आणि मागच्या डिस्प्लेवर शटर स्पीड बदलतो का बघा. नाही बदलला तर कळ एम वर टाका. झालं. माझ्याकडे आलेल्यातल्या बऱ्याच केसेस इथेच संपल्यात, आणि एका कोथरूडच्या मित्रानं तर तोपर्यंत दुसरी लेन्स ऑर्डर पण केली होती.

दुसरा फुकट चेक म्हणजे मोबाइलचा टॉर्च. लेन्स हातात घ्या, पूर्ण उघडा, मागून तिरका टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, काचेवर श्वास सोडल्यासारखं धुकं दिसलं तर आतल्या तेलाची वाफ बसलीय. दोन्हीमुळे फोटो फिकट येतो आणि आपण रिंगला दोष देतो. बाहेरच्या काचेवर असेल तर पुसता येतं, आतल्या काचेवर असेल तर इथेच थांबा, लेन्स उघडू नका. काचा परत ठेवताना सेंटर चुकला तर बरी असलेली लेन्स खरंच जाईल.

तिसरा चेक, फोकस नक्की कशावर केलं होतं ते आठवा. व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा जुळवून केलं असेल तर ते गेलं वाया. रेंजफाइंडर, म्हणजे अंतर जुळवायची ती यंत्रणा, कॅमेऱ्याच्या स्वतःच्या लेन्सशी जोडलेला असतो, परक्या लेन्सचं त्याला काहीच कळत नाही, तुम्ही लेन्स फिरवा, तो ढिम्म. म्हणजे फोकस लेन्सवरच्या आकड्यांवरूनच करायचं. मी फर्निचरवाले वापरतात तो लेझरचा मीटर ठेवतो, सावलीत आणि संध्याकाळी मस्त चालतो, दुपारच्या उन्हात ठिपका दिसत नाही तेव्हा पावलं मोजायची. मीटरची मागची कड कॅमेऱ्याच्या मागच्या पाठीशी लावून धरा, कारण लेन्सवरचे आकडे फिल्मपासून मोजलेले असतात, लेन्सच्या तोंडापासून नाही. दोन मीटरवरचा माणूस काढताना हा फरक चांगलाच जाणवतो. आणि घाईत असाल तर ८० ची लेन्स एफ ११ ला १९ मीटरवर ठेवा, साधारण साडेनऊ मीटरपासून पुढे सगळं चालेल असं येतं.

कोपरे काळे असतील तर थोडं गणित

२४ बाय ६५ चा कर्ण ६९.३ मिलीमीटर. साध्या ३५ एमएम कॅमेऱ्याची लेन्स २४ बाय ३६ साठी, म्हणजे ४३.३ च्या कर्णासाठी बनवलेली असते. निकॉनची ५० नंबरची लेन्स रिंग लावून बसेल हो, पण दोन्ही कडांना अंधारच येणार, तो बिघाड नाही. सरकणारी शिफ्ट लेन्स असेल, ११ मिलीमीटर सरकणारी, तर तिच्या प्रतिमेचं वर्तुळ ६३ च्या आसपास धरा, म्हणजे कोपरे जातातच पण मधली ५८ मिलीमीटर रुंदी वापरता येते, ते वाईट नाही. ६४५ ची लेन्स जवळपास ७० च्या कर्णासाठी असते, ती पुरते, म्हणून सगळे तिच्या मागे. ६७ ची लेन्स तर भरपूर पुरते.

आता ६४५ ची लेन्स असूनही कोपरे काळे असतील तर काळेपणाची जात बघायची. हळूहळू अंधारत जातो आणि अॅपर्चर दोन पायऱ्या (स्टॉप) बंद केल्यावर बराच कमी होतो, तर तो लेन्सचा स्वभाव. पण कड कापल्यासारखी असेल आणि अॅपर्चर बंद केल्यावर अजूनच धारदार होत असेल तर काहीतरी मधे येतंय: हूड (लेन्सपुढची छत्री), एकावर एक लावलेले दोन फिल्टर, नाहीतर रिंगची नळीच आतून अरुंद. पहिल्यांदा हूड आणि फिल्टर काढून दोन फ्रेम मारा, यात पैसे जात नाहीत. पेंटॅक्स ६७ च्या रिंगमधे हे जास्त होतं कारण ती नळी पाच सेंटीमीटर लांब, आणि बनवणारा एसएलआरच्या, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्याच्या, हिशोबानं भोक ठेवतो, त्याला ६५ ची रुंदी लक्षात राहत नाही. अशी रिंग परत करा, दुसरा उपाय नाही.

फिकट फोटो आणि मधे पांढुरका डाग असेल, आणि बुरशी नसेल, तर रिंगच्या आतून टॉर्च मारून बघा. आत चकाकतंय? मग तेच. काळा अॅनोडाइज केलेला अॅल्युमिनिअम दिसायला काळा पण तिरक्या प्रकाशाला आरसा. अप्पा बळवंत चौकात मागून चिकट असलेला मखमली काळा कागद मिळतो, त्याची पट्टी आत लावा, बस्स. कात्रीनं कापल्यावर कडेचे तंतू झटकून टाका नाहीतर ते शटरवर जाऊन बसतात.

प्रकाशाचे पट्टे

पट्टा फिल्मच्या भोकांवरून आरपार गेलाय की फक्त फोटोच्या चौकटीच्या आत आहे? भोकांवरून गेला असेल तर मागचं झाकण, रिंगचा संबंध नाही. चौकटीच्या आतच असेल तर प्रकाश पुढून, लेन्सच्या बाजूनं आलाय. एक्सपॅनमधे शटर फिल्मच्या अगदी पुढे आहे, त्यामुळे रिंगमधून शिरलेला प्रकाश फक्त शटर उघडं असेपर्यंतच नुकसान करतो, म्हणून लांब एक्स्पोजरला पट्टे आणि १/५०० ला काही नाही असं दिसलं की रिंगच. घरच्या पेटीत शटर लेन्समधे असेल आणि तिथे रिंग गळत असेल तर जी फ्रेम नुसती वाट बघत पडलीय ती खराब होते, कॅमेरा जितका वेळ उन्हात लटकला तितकी जास्त. रात्री खोलीत अंधार करा, मागचं झाकण उघडा, लेन्सवर टोपी, बाहेरून रिंगच्या सांध्यावर टॉर्च फिरवा आणि आत बघा (एक्सपॅनला यासाठी बल्बवर, म्हणजे बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहणाऱ्या सेटिंगवर, शटर उघडं ठेवावं लागतं). सापडलं की सांध्यावर बाहेरून काळी कापडी चिकटपट्टी. दिसायला गबाळं दिसतं, चालतं.

आता खरा आजार: इन्फिनिटी

सगळे फुकट चेक झाले आणि दूरचं अजून सॉफ्टच, तर मग रिंग मोजायची वेळ आली. प्रत्येक कंपनीच्या कॅमेऱ्यात लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. एक्सपॅनचं ३४.२७ मिलीमीटर, मामिया ६४५ चं ६३.३, पेंटॅक्स ६७ चं ८४.९५. वजाबाकी केली की रिंगची जाडी: मामियासाठी २९.०३, पेंटॅक्ससाठी ५०.६८. लायकाच्या एम लेन्सचं अंतर २७.८ च आहे, म्हणजे रिंग उणे साडेसहा मिलीमीटरची लागेल, म्हणून ती कधीच जमणार नाही, दर महिन्याला एक जण हा प्रश्न विचारतोच.

रिंग जाड झाली तर लेन्स फिल्मपासून लांब जाते आणि इन्फिनिटी, म्हणजे अगदी दूरचं फोकस, गाठतच नाही. किती जाड म्हणजे किती वाईट? फक्त ०.१ मिलीमीटर, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढी. ८० च्या लेन्सला तेवढ्यात फोकस ६४ मीटरवर जाऊन संपतं. ४५ ची वाइड असेल तर २० मीटरवरच. म्हणजे सिंहगड राहिला बाजूला, समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी पण सॉफ्ट. आणि वाइड लेन्सला हा त्रास जास्त होतो हे लोकांना उलटं वाटतं, त्यांना वाटतं वाइडला डेप्थ भरपूर, ती निभावून नेईल. एफ ८ ला थोडंफार निभतं खरं, म्हणून तर उघड्या अॅपर्चरला फोटो सॉफ्ट आणि बंद केल्यावर बरा असं होतं आणि दोष परत लेन्सवर जातो.

मोजायचं कसं. आधी कागदोपत्री नाही, डोळ्यानं. सकाळी लवकर पर्वतीवर या, पाऊस नुकताच उघडलेला असेल तर फार छान, सिंहगडावरचे टॉवर दिसतात, सरळ रेषेत सतरा-अठरा किलोमीटर, यापेक्षा चांगली इन्फिनिटी पुण्यात कुठे शोधणार. दुपारी करू नका, एप्रिलमधे गरम हवा इतकी हलते की चांगली लेन्सही नापास होते. कॅमेरा रिकामा, ट्रायपॉडवर, मागचं झाकण उघडं, बल्बला केबल रिलीज लावून शटर उघडं, आणि फिल्म जिथे बसते तिथे दुधी काच, खरखरीत बाजू लेन्सकडे. मग भिंगानं बघत लेन्स फिरवा.

इथे एक जागा अशी आहे जिथे मी स्वतः फसलो आणि महिनाभर चुकीची मापं घेत बसलो. फिल्मच्या खिडकीला वरखाली दोन-दोन पट्ट्या असतात. आतल्या पट्ट्यांवर फिल्म बसते, बाहेरच्या पट्ट्या थोड्या उंच, त्यावर मागची दाबपट्टी टेकते. माझी काच रुंद होती, ती बाहेरच्या पट्ट्यांवर बसत होती, म्हणजे साधारण ०.२ मिलीमीटर मागे, आणि मी चांगल्या रिंगला जाड ठरवत होतो. काच फक्त आतल्या पट्ट्यांवर मावेल अशी अरुंद हवी. फोटो फ्रेमवाल्याकडून पट्टी कापून घ्या, नाना पेठेत गाडीचे व्हॉल्व घासायची पेस्ट मिळते, त्यानं दुसऱ्या काचेवर अर्धा तास घासली की दुधी होते. काम करताना शटरच्या पडद्याला बोट लागू देऊ नका, कधीच.

आता निकाल. लेन्स इन्फिनिटीच्या खुणेवर ठोकून उभी आहे आणि टॉवर अजून सॉफ्ट, म्हणजे रिंग जाड. टॉवर शार्प होतो पण खुणेच्या आधीच, आणि अजून पुढे फिरवलं की परत सॉफ्ट, म्हणजे रिंग पातळ. पातळ निघाली तर पेढे वाटा, कारण पातळ रिंग घरी दुरुस्त होते. बहुतेक रिंगा दोन भाग स्क्रूनं जोडलेल्या असतात, त्या दोघांच्या मधे कागदाचा गोल कापून घाला, एक कागद ०.१, साधी चिकटपट्टी ०.०५ च्या आसपास, आणि परत बघा. जमलं की कागद काढून तेवढ्याच जाडीची पितळी शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती, घाला, बोहरी आळीत मिळते. कागद ठेवू नका, जुलैमधे तो फुगतो आणि तुम्ही परत पहिल्या पानावर. आणि शिम कॅमेरा आणि रिंगच्या मधे तर अजिबात नको, तिथे ती अडकली की रिंग निघतच नाही.

जाड निघाली तर लेथ. त्याआधी चार जागी मोजा, व्हर्निअर चालेल पण त्याच्या शेवटच्या आकड्यावर फार विश्वास नको, मायक्रोमीटर असेल तर उत्तम, फक्त २९ साठी २५ ते ५० वाला लागतो, घरात पडलेला ० ते २५ वाला पोचत नाही. चारही जागी सारखंच जास्त आलं तर भोसरीतला लेथवाला फेसिंग मारून, म्हणजे तोंड तासून पातळ करून, देतो, त्याला आकडा लिहून द्या आणि सांगा की किंचित जास्त गेलं तर चालेल पण कमी जायला नको, पातळ झाली तर आपल्याकडे शिम आहे. दोन्ही तोंडं समांतर राहिली पाहिजेत हे पण लिहा, तोंडी सांगितलेलं मशीनच्या आवाजात विरून जातं.

चार जागी वेगवेगळं आलं तर तेच तुमचं एका बाजूला सॉफ्ट. फ्रेम ६५ रुंद असल्यामुळे थोडासा तिरकेपणाही दोन टोकांना दिसतो. रिंग चारही जागी सारखी असेल आणि तरी एक बाजू सॉफ्ट, तर तीच लेन्स तिच्या मूळ कॅमेऱ्यावर लावून बघा, तिथेही तीच बाजू सॉफ्ट असेल तर लेन्सचं सेंटर गेलंय. तिथे चांगली आणि इथे वाईट, तर आधी जड लेन्सखाली हात किंवा आधार देऊन दोन फ्रेम काढा. पेंटॅक्सची लेन्स आणि वर पाच सेंटीमीटरची नळी, एवढं वजन पुढे लटकलं की बैठक वाकते, मी अशा लेन्सला ट्रायपॉडवर नेहमी खालून टेकू देतो.

कुठे हात थांबवायचा

रिंग बसताना क्लिक झाली नाही तर जोर लावू नका. अडकली तर पक्कड नको, रबराच्या पट्टीनं एकदा प्रयत्न करा, नाही निघाली तर तशीच दुरुस्तीवाल्याकडे न्या. कॅमेऱ्याच्या बैठकीचे स्क्रू उघडून तिथे शिम घालायचा मोह खूप जणांना होतो, एकाने घातली, आणि मग त्याच्या स्वतःच्या ४५ चं पण फोकस गेलं आणि रेंजफाइंडर पण खोटं बोलायला लागला. रेंजफाइंडरचं सेटिंग, शटरचा पडदा, डिस्प्लेची तार, ही घरची कामं नाहीत. एक्सपॅनचं उत्पादन २००६ मधे बंद झालंय, पडदा फाटला तर तो दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातूनच काढावा लागतो.

एसएलआरच्या लेन्सला मागची काच शटरला लागायची भीती नसते, कारण मूळ कॅमेऱ्यात तिथे आरसा हलायचा. पण रेंजफाइंडर कॅमेऱ्यातून किंवा मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यातून काढलेली वाइड लेन्स मागे बरीच आत शिरते. ती लावायच्या आधी मागचा भाग बैठकीपासून किती आत जातो ते मोजा, आणि शंका असेल तर लावूच नका.

दुरुस्तीवाल्याकडे जाताना नुसता कॅमेरा घेऊन जाऊ नका. रिंग, लेन्स, न कापलेली निगेटिव्हची पट्टी, आणि कुठल्या फ्रेमला किती अॅपर्चर, किती अंतर होतं ते लिहिलेला कागद, हे सगळं एका पिशवीत. नाहीतर तो कॅमेऱ्याला त्याची स्वतःची लेन्स लावणार, सगळं ठीक आहे म्हणणार, तपासणीचे पैसे घेणार आणि तुम्ही परत रविवारी पर्वतीवर माझ्यासमोर.